डावीकडून सहावा पट्टा

हारेक नायकाचं जहाज सुतारांनी एका हिवाळ्यात बांधून उभं केलं. त्याचं शीड विणायला बायकांना तीन वर्षं लागली. खाडीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण दारूची शिंगं भरली की पुरुष मंडळी जहाजाचीच गाणी म्हणत. ओड्नीला त्याचं काही वाटत नसे. "म्हणू देत," ती म्हणे. "वल्ही मारून खांदे गेले की शीडच आठवतं यांना."

ओड्नी हारेकची सावत्र आत्या. तिचा बाप या घराचा जुना नायक. आई मात्र त्याची लग्नाची बायको नव्हती, समुद्रापलीकडून लोकर विंचरायला आणलेली बाई होती. बापाने मुलीला गुडघ्यावर घेतलं, नाव दिलं आणि पुन्हा तिच्याकडे वळून पाहिलं नाही. पोर उभ्या मागाखाली वाढली. ताण्याच्या टोकांना बांधलेले भोकाचे दगड हीच तिची खेळणी. सातव्या वर्षी चाती हातात आली. विसाव्या वर्षी तिचं कापड पाहून शेजारच्या खाडीतून मागणी आली, आणि तिने नाही म्हटलं. त्या घरी सासूचा माग होता, आणि ओड्नीला दुसरीच्या मागावर विणायचं नव्हतं. दासीची पोर आणि मिजास राणीची, असं लोक म्हणाले. मिजास होतीच. कापडही तसंच होतं.

हारेक कोवळ्या वयात बापाच्या उंच आसनावर बसला तेव्हा ओड्नीची चाळिशी उलटली होती. त्याच्याकडे बापाची तलवार होती, दंडात सोन्याचं कडं होतं, देवापुढे बैल कापायचा मान होता. पण खरं बळ म्हणाल तर ते खाडीतली तेरा घरं. आणि घरं बांधून ठेवणारी रीत एकच होती. शीड एका घरचं नसे. प्रत्येक घराने एक पट्टा विणून द्यायचा. ओड्नीने तो पारखायचा, आणि मग तेरा पट्टे शेजारी शेजारी शिवायचे. ज्या घरचा पट्टा शिडात, त्या घरचा माणूस वल्ह्यावर. जो वल्ह्यावर, त्याला लुटीत वाटा आणि नायकाच्या दालनात बाकावर जागा. आणि ज्या घरचा पट्टा दर्यात दगा देईल, त्या घराने बाक सोडून दाराशी बसायचं. तेरातली सहा घरं जरी दुसऱ्या कुणाकडे गेली असती, तरी त्या तलवारीने हारेकला कांदेच चिरावे लागले असते.

पारखायची ओड्नीची तऱ्हा साधी. पट्टा उन्हात धरून पाहायचा. मग त्याची झोळी करून पाणी ओतायचं, आणि चुलीवर जवाची पेज शिजेपर्यंत थेंब गळता कामा नये. गळला तर पट्टा परत. नायकाच्या सख्ख्या मेहुणीचा पट्टा तिने दोनदा परत पाठवला होता. पास झालेल्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला त्या घरची रंगीत गाठ असे. ती दुमडीच्या आत शिवून टाकत. वरून चरबी आणि गेरू फासला की सगळे पट्टे एकसारखे लाल. कुठला कुणाचा, हे ओड्नीच्या डोक्यात. दुमड उसवून बघायची वेळ कधी आली नाही. तिच्या शब्दावर कुणी शंका घेत नसे.

नायकाच्या घरचा पट्टा ओड्नी स्वतः विणायची, आणि सगळ्यांत शेवटी. त्या वर्षी बारा पट्टे तयार होते, तेरावा बाकी. ताण्याची तिची लांब केसांची लोकर तिने एका घराला कमी पडली म्हणून हिवाळ्याआधी देऊन टाकली होती. उन्हाळ्यात नवी निघेल, घाई कसली, असा हिशेब. पण ऐन थंडीत हारेक भर दालनात तिच्यापाशी येऊन बसला.

"आत्या, शीड कधी?"

"उन्हाळ्यात."

"उन्हाळ्यापर्यंत बेर्सी लुटीला जाऊनही येईल." बेर्सी म्हणजे पलीकडच्या खाडीचा नायक. "आपल्या चार घरांची माणसं त्याच्याकडे जेवून आली."

"जेवायला काय, कुत्रंही जातं."

"कुत्रं येताना हातात कडं घालून येत नाही. ही चौघं आली." हारेकने आवाज खाली आणला. "जो आधी शीड उभारेल त्याच्याबरोबर जायचं, असं ठरवून बसलेत सगळे. तोंडाने म्हणत नाहीत, एवढंच."

त्याने आवाज खाली आणला होता. ओड्नीने मुळीच आणला नाही. बाकांवर साठ माणसं बसली होती. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "वसंतात हंस परतायच्या आत शीड देते. ज्याला बेर्सीकडे जायचंय त्याने आत्ताच उठावं, त्याच्या घरचा पट्टा मी काढून हातात देईन." कुणी उठलं नाही. सुकाणूवाला कोल्बेन, हारेकचा दूधभाऊ, मोठ्याने हसला. शिडाला तो आत्याचा पदर म्हणायचा. "झालं तर मग," तो म्हणाला, "पदराखाली जायचं ठरलं."

बोलून गेली खरी. आता लोकर कुठून आणायची?

इकडची मेंढी उन्हाळ्याच्या तोंडाला आपली लोकर आपणच सोडते. ती हाताने ओढून घ्यायची. वरचे लांब चिवट केस ताण्याला, खालची मऊ लोकर बाण्याला. शिडाच्या लोकरीला कात्री लावायची नाही. कातरलेल्या केसाचं टोक बोथट, लांबी अपुरी, आणि तेल निम्मं मेंढीच्या अंगावरच राहिलेलं. चातीवर कातताना सगळं ठीक वाटतं, दगा नंतर कळतो. हे ओड्नीनेच खाडीतल्या दोन पिढ्यांच्या पोरींना शिकवलं होतं.

बर्फ पडत असताना तिने गोठ्यात बारा मेंढ्या कातरल्या. मेंढी धरायला म्हातारी ग्रोआ होती, जन्मभर ओड्नीच्या हाताखाली सूत कातलेली.

"बये, मेंढी देते तेव्हा घ्यावं," ग्रोआ म्हणाली. "ओरबाडलेलं टिकत नाही."

"तू पाय धर तिचे."

"धरलेत. पण वरच्या घरच्या इंग्विल्डने असा पट्टा आणला असता, तर दिला असतास का तू पास करून?"

"पाय धर म्हटलं ना."

ग्रोआने पाय घट्ट धरले. तो पट्टा ओड्नीने उन्हातही धरला नाही आणि त्यात पाणीही ओतलं नाही. नायकाच्या घरचा पट्टा, तिच्या स्वतःच्या हातचा. पारखायला कोण सांगणार होतं? डावीकडून सहावा म्हणून तो शिवला, सातवा इंग्विल्डचा, आणि वर गेरू फासला. हंस आले तेव्हा शीड वर होतं, आणि तेराच्या तेरा घरांची माणसं वल्ह्यांवर.

जहाज एकविसाव्या दिवशी परत आलं, वल्ही मारत. बाहेरच्या बेटांपाशी वारा फिरला, शीड मधोमध उभं फाटलं, आणि त्या झटक्याने शिडाचं आडवं लाकूड दोरासकट खाली आलं ते कोल्बेनच्या डोक्यावर. बाकीचे वाचले. कोल्बेनला त्यांनी शिडाच्याच फाटक्या तुकड्यात गुंडाळून आणलं होतं.

काठावर शीड पसरलं. हारेकचे डोळे लाल होते. त्याने ओड्नीला विचारलं, "कुणाचा पट्टा?"

तिला फाटलेली कड दिसत होती. सारख्या लांबीचे, बोथट, तुटके केस. आजूबाजूला तेरा घरं उभी होती. कोल्बेनचे पाय कापडातून बाहेर आले होते, एका पायात जोडा नव्हता. खरं सांगायला एक शब्द पुरला असता. तिने दुसराच उच्चारला.

"इंग्विल्डचा."

तिने आधी ठरवलं होतं का? नाही. जिभेवर जे नाव सगळ्यांत जवळ होतं ते आलं, ग्रोआने गोठ्यात काढलेलं. असं ती पुढे स्वतःला सांगत राहिली, जणू त्याने काही फरक पडणार होता.

इंग्विल्ड खाडीच्या वरच्या अंगाला राहणारी, चाळिशीची, कमी बोलणारी बाई. ती पुढे आली, वाकली, फाटलेल्या कडेला अंगठा लावला, मग ओड्नीकडे पाहिलं. काही बोलली नाही. तिचा नवरा ग्रिमकेल बोलला. "अगं, काहीतरी म्हण." तरीही ती बोलली नाही, आणि गप्प राहणं म्हणजे कबुली असं सगळ्यांनी धरलं. हारेकने तिथल्या तिथे निवाडा दिला. ओड्नीने सहावा पट्टा उसवला, घरी नेला आणि चुलीत घातला. लोकर लवकर जळत नाही. तीन दिवस घराला तो वास येत होता. शिडात सहाव्याच्या जागी नवा पट्टा बसला, त्या उन्हाळ्यात हाताने ओढलेल्या लोकरीचा. सातवा होता तिथेच राहिला, लोकांच्या लेखी नायकाच्या घरचा.

म्हणजे पुढची नऊ वर्षं हारेकचं जहाज इंग्विल्डच्या कापडावर चाललं, आणि इंग्विल्ड दाराशी बसली. लुटीची चांदी, गहू, मध, रंगीत कापड, सगळं बारा घरांत वाटलं गेलं. ग्रिमकेल आधी मोठा गमत्या माणूस. पहिल्या सणाला तो दाराशी बसून म्हणाला, "बरं झालं, पाऊस आला की आधी आम्हालाच कळेल." लोक हसले. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याने गमती करणं सोडलं. त्यांच्या थोरल्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. ज्या घरचा पट्टा शिडात नाही त्या घरची मुलगी कोण करणार?

ओड्नी उंच ओट्यावर, नायकाच्या बायकोशेजारी बसायची. तिथून दार सरळ दिसतं. जागा बदलून मागावी असं तिच्या कितीदा मनात आलं, पण मागायला कारण लागतं. तिने इंग्विल्डच्या घरी लोण्याचं मडकं पाठवलं, ते परत आलं. सुकवलेले मासे पाठवले, तेही परत आले. मग तिने पाठवणं बंद केलं, आणि खरं सांगायचं तर बंद करताना तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं याचीही लाज वाटली. ग्रोआ तर तिच्याशी कामापुरतंच बोलायची. पारखणी मात्र आणखी कडक झाली. पाण्याचा एक थेंब काय, कापड नुसतं ओलसर लागलं तरी ओड्नी पट्टा परत करी. बायका तिच्या नावाने बोटं मोडत आणि मग म्हणत, पण म्हातारीचा हात खोटा नाही.

दहाव्या वसंतात जुनं शीड थकलं आणि नवं उभं राहायचं होतं. कुरणावर जुनं शीड पसरून माप घेणं चाललं होतं. हारेक, ओड्नी, ग्रोआ, एवढेच. वरच्या वाटेने ग्रिमकेल आणि इंग्विल्ड आली. ग्रिमकेलच्या खांद्यावर कापडाची गुंडाळी होती. त्याने ती हारेकच्या पायाशी ठेवली.

"नायक, नऊ वर्षं झाली. पट्टा आणलाय. घेतलात तर घेतलात. नाहीतर आम्ही बोट बघतोय, समुद्रापलीकडे नव्या बेटावर जमीन मिळते म्हणतात. इथे पोरींची लग्नं होत नाहीत."

हारेक काही दगड नव्हता. त्याने दाढी खाजवली. "ते आत्या ठरवेल. कापड तिच्या हातात, मी काय बोलणार?"

ओड्नीने गुंडाळी उलगडली आणि उन्हात धरली. इतकं कापड आयुष्यात हाताखालून गेलं, पण असं गेलं नव्हतं. ताणा ताठ, बाणा घट्ट, कुठे म्हणून फट नाही. ग्रोआने न सांगता पाण्याचा घडा आणला आणि समोर ठेवला. ओड्नीने त्याला हात लावला नाही. घ्यावा तर इंग्विल्डला माफ केल्याचा मान आपल्यालाच मिळणार. नाकारावा तर घर देशोधडीला. मधलं काही नव्हतं. नऊ वर्षं ती मधलं शोधत होती.

ती खाली बसली, कमरेची सुरी काढली आणि जुन्या शिडाच्या सातव्या पट्ट्याची दुमड उसवायला लागली. नऊ वर्षांची चरबी दगडासारखी झाली होती.

"आत्या, हे काय करतेस?"

"बघ."

दुमड उघडली. आत तीन निळ्या गाठी होत्या, नव्यासारख्या. इंग्विल्डच्या घरची खूण.

"हिचा पट्टा सातवा," ओड्नी म्हणाली. "फाटला तो सहावा. सहावा आपल्या घरचा होता. मी विणलेला, कातरलेल्या लोकरीचा. कोल्बेन माझ्या पट्ट्याने मेला. मी खोटं बोलले."

ग्रिमकेलच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, हसण्यासारखा. ग्रोआने घडा उचलला आणि ती जरा दूर जाऊन उभी राहिली. हारेक बराच वेळ त्या तीन गाठींकडे पाहत होता. तो ओरडेल, मारेल, असं ओड्नीला वाटलं होतं. तिला ते हवंही होतं.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"ग्रोआला. आणि..." ओड्नीने इंग्विल्डकडे पाहिलं.

"मला त्याच दिवशी कळलं," इंग्विल्ड म्हणाली. "कडेला अंगठा लावला तेव्हाच. आमच्याकडे मेंढीला कात्री लावत नाहीत."

"आणि तू गप्प बसलीस?" ग्रिमकेल म्हणाला. "मलासुद्धा नाही सांगितलंस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही भर दालनात बोलला असता. ओड्नीबाईंच्या शब्दापुढे आपला शब्द कुणी धरला असता? वर खोटारडे ठरलो असतो. दाराशी तरी बसत होतो."

हारेक ओड्नीच्या समोर उकिडवा बसला, लहानपणी बसायचा तसा. हळू आवाजात म्हणाला, "आत्या, रीत काय सांगते? ज्याचा पट्टा दगा देईल त्याने बाक सोडायचा. मग मी कुठे बसू? दाराशी? आणि मी दाराशी बसलो तर बाकीची बारा घरं कुणापुढे बसतील?"

रीत तिलाच सगळ्यांत जास्त माहीत होती.

"शिवून टाक," हारेक म्हणाला.

"हारेक..."

"शिवून टाक, आत्या. हे या कुरणाबाहेर जायचं नाही." मग तो उठला आणि ग्रिमकेलच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझा पट्टा घेतला. मधोमध लावू. संध्याकाळच्या आत दालनात ये, घरच्यांना घेऊन ये."

ग्रिमकेलने बायकोकडे पाहिलं. तिने किंचित मान हलवली. पोरींची लग्नं व्हायची होती.

ओड्नीने दुमड शिवून टाकली. टाके नेहमीसारखेच सरळ आले.

दुपार टळता टळता दालन भरलं. समुद्रावर जायच्या आधीचं जेवण होतं. बैल कापला होता, दारू नवी होती. हारेक उंच आसनावरून उठला आणि बोलला, आणि फार चांगला बोलला. नऊ वर्षांपूर्वी एका पट्ट्याने आपला भाऊ गेला, म्हणाला. रीतीने निवाडा झाला. पण नायकाचं मन रीतीपेक्षा मोठं असावं लागतं. आज तो ग्रिमकेलच्या घराला बाक परत देतोय, जुनं विसरतोय. त्याने आपल्या हातातलं कडं काढून ग्रिमकेलच्या हातात घातलं. दालन दणाणलं. माणसांनी सुऱ्यांच्या मुठी टेबलावर आपटल्या. असा नायक पाहिला नाही, म्हणाले. बेर्सीकडून जेवून आलेल्यांपैकी दोघे रडत होते, दारू होती तरी खरं रडत होते. त्या दिवशी तेरा घरं हारेकला अशी बांधली गेली की तशी आधी कधी नव्हती, आणि बांधायला दोर दिला होता ओड्नीने.

तोंडावर येऊन कुणी थुंकलं असतं तर बरं, असं तिला वाटलं. कुणी थुंकणार नव्हतं. शेजारून नायकाची बायको म्हणत होती, "आत्या, तुम्हीच कापड पास केलंत ना? मन मोठं तुमचंही."

ओड्नी उठली. ओट्याच्या तीन पायऱ्या उतरली, भरलेल्या बाकांच्या मधून चालत दारापर्यंत गेली आणि इंग्विल्डची मघाशीच रिकामी झालेली जागा होती तिथे बसली. थोडी कुजबुज झाली. हारेकने पाहिलं. त्याला कळलं, आणि त्याने शिंग भरायला सांगून तोंड दुसरीकडे फिरवलं. बोलायला त्याने बंदी केली होती, बसायला केली नव्हती.

इंग्विल्ड मुलींना घेऊन बाकाकडे चालली होती. ओड्नीपाशी ती थांबली. ओड्नीने मान वर केली नाही, तिला इंग्विल्डचे फक्त जोडे दिसत होते.

"तिथे फळीच्या फटीतून वारा येतो," इंग्विल्ड म्हणाली. "हातभर डावीकडे सरका. मला ती जागा सापडायला दोन हिवाळे लागले."

आणि ती पुढे गेली.

ओड्नी त्यानंतर पाच वर्षं जगली. पारखणीचं काम तिने ग्रोआच्या सुनेला दिलं. सणाला, जेवणाला ती दाराशीच बसे. कुणी म्हणे धूर सोसत नाही, कुणी म्हणे म्हातारपणी दासीचं रक्त वर आलं. डावीकडे हातभर जागा मोकळी असायची, आणि ती फटीपाशीच बसायची.